पाण्यातला डोंगर आपल्या हातानं

  हातातलं काम थांबवू नका. भाकऱ्या थापता थापता, तांदूळ निवडता निवडता ऐकलंत तरी चालेल.

या वेळेला आपण शेळीपालन ऐकतो, परसबाग ऐकतो, बँकेचे हप्ते आणि गटाची वही ऐकतो. आज मात्र आम्ही चित्राबद्दल बोलणार आहोत. डोंगर, त्याच्या पायथ्याचं रान, आणि समोरच्या पाण्यात पडलेलं त्या दोघांचं प्रतिबिंब, हे चित्र कसं काढायचं ते सांगणार आहोत. काही जणी म्हणतील, हे शाळेतल्या पोरांचं काम, आपल्याला काय त्याचं? पण थोडं थांबा. यात हाताचं काम आहे, डोक्याचं काम आहे आणि पैशाचा हिशोबही आहे.

आमचा गट अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठचा. प्रवरा नदीवरचं हे धरण १९२६ साली पूर्ण झालं, म्हणजे आमच्या आज्यांच्याही आधीपासून हे पाणी इथं आहे. पाण्याच्या त्या टोकाला रतनगड, त्याच्या पायथ्याला रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, आणि या बाजूला कळसूबाई. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. मे-जूनमध्ये काजवे बघायला, पावसाळ्यात धबधबे बघायला आणि हिवाळ्यात तंबूत राहायला लोक येतात. येतात, फोटो काढतात, जातात. आमच्या गटानं विचार केला, यांनी जाताना इथलं काहीतरी हातात घेऊन जावं. नाचणीचे पापड आणि हिरडा-करवंदाचं काही ना काही आम्ही विकतच होतो. त्यात चित्रांची भर घातली.

शिकवायला शेजारच्या गावातले निवृत्त ड्रॉइंगचे गुरुजी आले. पहिल्या दिवशी त्यांनी रंग उघडूच दिले नाहीत. म्हणाले, "चला पाण्यावर." आम्ही दहा जणी काठावर गेलो. गुरुजी म्हणाले, "अर्धा तास नुसतं बघा. मग मला सांगा, पाण्याचा रंग कोणता?" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, निळा. ते म्हणाले, "बघितल्याशिवाय सांगितलंत. आता बघून सांगा."

बघितलं, तर निळा कुठंच नव्हता. काठाजवळ तळातले दगड दिसत होते, तिथं पाणी मातकट. थोडं पुढं झाडांचं काळपट हिरवं. मध्ये डोंगराचं जांभळट. आणि जिथं वारा लागला होता तिथं चांदीसारखा पांढरा पट्टा. मैत्रिणींनो, पाण्याला स्वतःचा रंग फार थोडा. समोर जे उभं असेल ते पाणी आपल्या अंगावर घेतं. ही पहिली शिकवण. तुमच्या गावात धरण नसलं तरी पाझर तलाव असेल, शेततळं असेल, नदीचा डोह असेल. तिथं हे बघता येतं.

आता प्रतिबिंबाचं सांगतो. आपल्या सगळ्यांचा हात रांगोळीचा. रांगोळीत काय करतो? अर्धं फूल काढलं की उरलेलं अर्धं तसंच उलटं. आम्हीही पहिल्या चित्रात तसंच धरून चाललो, वरचा डोंगर मोजून खाली तसाच उलटा. पण चित्र खरं वाटेना. कारण पाण्यातला डोंगर म्हणजे रांगोळीचं अर्धं फूल नव्हे.

हे समजून घ्यायला घरातली परात पुरते. परात जमिनीवर ठेवा, काठोकाठ पाणी भरा. पलीकडच्या काठाला अगदी चिकटून एक पेला उभा करा. त्याच्या मागं तीन-चार हात अंतरावर हंडा ठेवा. आता परातीच्या अलीकडे बसून डोकं खाली घ्या आणि पाण्यात बघा. पेला जवळजवळ पुरता दिसेल. हंड्याचा मात्र वरचाच भाग दिसेल, खालचा पेल्याआड आणि परातीच्या काठाआड जाईल. पाण्याकाठचं झाड म्हणजे हा पेला, आणि लांबचा डोंगर म्हणजे हा हंडा. म्हणून काठावरची झाडं पाण्यात पूर्ण उतरतात आणि मागचा डोंगर वर दिसतो त्यापेक्षा बुटका उतरतो. तुम्ही उंचावरून बघत असाल तर हा फरक आणखी वाढतो. आमच्या गटातल्या एका वहिनींनी हे परातीत बघितलं आणि दुसऱ्या दिवशीच्या चित्रात डोंगर बरोबर बसवला.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा. एक, सावली उन्हाबरोबर फिरते, प्रतिबिंब फिरत नाही. झाडाचं प्रतिबिंब झाडाच्या बरोबर खाली, सरळ आपल्याकडं येतं. सूर्य डावीकडं असो की उजवीकडं. दोन, उजळ वस्तू पाण्यात थोडी गडद दिसते आणि गडद वस्तू थोडी उजळ. म्हणून वर वापरलेला रंग खाली जसाच्या तसा लावायचा नाही. तीन, आभाळ वर गडद असतं आणि डोंगराकडं येताना फिकं होतं. पाण्यात हे उलटं, पलीकडं फिकं आणि आपल्या पायाकडं येताना गडद. चार, पाणी हललं की प्रतिबिंब खालच्या बाजूला लांबतं आणि आडव्या रेघांनी तुटतं. पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा आरसा. दहा वाजले की वारा सुटतो आणि आरसा फुटतो. म्हणून बघायला जायचं तर सकाळी लवकर.

सामान काय लागतं ते सांगतो. आम्ही बारा बाय सोळा इंचाचा कॅनव्हास बोर्ड वापरतो आणि ॲक्रिलिक रंग. पोस्टर कलर स्वस्त पडतात, सरावाला चांगले, पण वाळल्यावरही पाणी लागलं तर सुटतात, म्हणून विकायच्या चित्राला ते वापरत नाही. रंग मोजकेच घ्यायचे. पांढरा, पिवळा, निळा, लाल आणि तपकिरी, एवढ्या पाचात सगळं होतं. एक रुंद चपटा ब्रश, एक मधला, एक बारीक गोल. एक फडकं, दोन डबे पाणी, रंग मिसळायला जुनी थाळी. उन्हाळ्यात ॲक्रिलिक भराभर वाळतो, म्हणून थाळीवर मधूनमधून पाण्याचा शिबका मारायचा.

तयार हिरवा आम्ही घेत नाही. तो प्लॅस्टिकच्या बादलीसारखा दिसतो. पिवळा आणि निळा मिसळायचा, आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढा लाल. मग तो रानाचा हिरवा होतो. रानातही एक हिरवा नसतो. जांभळीचा गडद, आंब्याच्या कोवळ्या पानाचा तांबूस, हिरड्याचा वेगळा, करवंदीच्या जाळीचा वेगळा. हे आपल्याला कुणी शिकवायला नको, सरपणाला आणि गोळा करायला आपणच रानात जातो. काळा रंगही घेत नाही. निळा आणि तपकिरी मिसळला की रानाच्या पोटातला अंधार तयार होतो, तो काळ्यापेक्षा जिवंत दिसतो.

आता क्रम. आधी पेन्सिलीनं काठाची रेघ मारा. ही रेघ अगदी आडवी, सपाट पाहिजे. ती कलली तर पाणी सांडतंय असं वाटतं. ती बोर्डाच्या बरोबर मध्यावर घेऊ नका, थोडी वर किंवा थोडी खाली घ्या, नाहीतर चित्राची दोन फाळकी दिसतात. मग आभाळ. मग सगळ्यात लांबची रांग, निळसर राखाडी, पांढरा जास्त घालून. लांबचा डोंगर कधीच हिरवा दिसत नाही, मधल्या हवेनं तो निळा पडतो. मग जवळचा डोंगर, त्याच्या कड्याच्या उभ्या रेघा. मग रान. रानात पान पान काढत बसायचं नाही. ब्रश टेकवत टेकवत झाडांचे झुपके करायचे, पायथ्याला गडद, माथ्याला उजळ.

वरचं वाळलं की पाण्याकडं या. आधी पाण्यात आभाळाचा रंग आडवा लावा. तो ओला असतानाच डोंगराचा आणि रानाचा रंग वरून खाली उभ्या हातानं ओढा. मग स्वच्छ, कोरडा, चपटा ब्रश घेऊन त्यावरून एकदा, फार तर दोनदा, आडवा फिरवा. अगदी हलका, लेकराच्या गालावरून हात फिरवावा तसा. उभं ओढलं म्हणजे प्रतिबिंब झालं, आडवं फिरवलं म्हणजे पाणी झालं. इथं हात आवरायला शिकायचं. जास्त घोटलं की चिखल होतो. शेवटी वाळल्यावर पांढऱ्या रंगाची एक-दोन बारीक आडवी रेघ, वाऱ्याच्या पट्ट्याची. झालं चित्र.

गुरुजींनी आम्हाला कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याबद्दल सांगितलं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परत आले. शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. कोटीतीर्थ तलावाच्या काठी ते राहायचे आणि तोच परिसर, तेच पाणी पुन्हा पुन्हा रंगवायचे. १९३१ साली ते वारले, पण आजही निसर्गचित्र म्हटलं की जाणकार त्यांचं नाव घेतात. त्यांना चित्रासाठी लांबच्या बर्फाच्या देशात जावं लागलं नाही. घराजवळचं तळं जन्मभर पुरलं. हे आम्हाला फार धीर देणारं वाटलं.

कारण मैत्रिणींनो, पुढं आमच्यासमोर हाच प्रश्न आला. एका रिसॉर्टच्या मालकांनी तीस चित्रांची मागणी केली. पण त्यांनी मोबाईलवर एक चित्र दाखवलं. बर्फाचं शिखर, सुईसारखी झाडं, लाल छपराचं घर, पाण्यात हंस. म्हणाले, "असं काढा. हे लोकांना आवडतं. एका चित्राचे अडीचशे देतो." तीस गुणिले अडीचशे म्हणजे साडेसात हजार. गटात एकदम कुजबुज सुरू झाली. खोटं कशाला बोलायचं, ही रक्कम आमच्यासाठी मोठी होती. त्यात एका ताईंच्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती. त्या म्हणाल्या, "बर्फ तर बर्फ. आपल्याला काय? पैसे तर येतील."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गरज असते तेव्हा बर्फही रंगवावा लागतो. म्हणून आम्ही कुणाला गप्प बसवलं नाही. मासिक बैठकीत वही काढली आणि हिशोब मांडला. तो तुम्हीही लिहून घ्या. बोर्ड ११० रुपये. रंग ४० रुपये. ब्रशची झीज १० रुपये. बांधणी आणि ने-आण २० रुपये. झाले १८०. एका चित्राला सहा तास लागतात. अडीचशेतून १८० वजा केले की उरले ७०. सत्तर भागिले सहा. तासाला बारा रुपयेसुद्धा नाहीत! लावणीला गेलो तरी यापेक्षा जास्त मिळतात. साडेसात हजारांतले पाच हजार चारशे सामानात जात होते आणि एकशे ऐंशी तासांच्या कामाचे एकवीसशे रुपये हातात येत होते. आकडा मोठा दिसत होता, मजुरी दिसत नव्हती.

मग कामाचे तासाला ५० रुपये धरून पाहिलं. सहा तासांचे ३००, सामानाचे १८०, मिळून ४८०. गटाच्या निधीला दहा टक्के, म्हणजे ४८. असे साधारण ५३० होतात. आम्ही ५५० भाव ठरवला. पण इथं दुसरा प्रश्न उभा राहिला. बर्फाच्या चित्राला ५५० कोण देईल? ते चित्र बाजारात छापील मिळतं, शंभर-दीडशेला. आपण त्याच्याशी कशी टक्कर देणार? रतनगड मात्र छापून विकायला कुणी ठेवलेला नाही. रतनगडाच्या माथ्यावरचं नेढं, पावसानंतर कड्यावरून उतरणाऱ्या पांढऱ्या धारा, भाद्रपदात काठावर फुललेली पिवळी सोनकी, हे इथंच बघायला मिळतं आणि रोज बघणारीलाच नीट काढता येतं. जे फक्त आपल्याकडं आहे, त्याचाच भाव आपल्याला ठरवता येतो.

त्या ताईंच्या फीचं काय, हा विषयही त्याच बैठकीत घेतला. तो बाजूला ठेवून ठराव केला असता तर आमची सगळी तत्त्वं एकट्या त्यांच्या डोक्यावर पडली असती. गटाच्या बचतीतून त्यांना अंतर्गत कर्ज दिलं, महिना दोन टक्क्यांऐवजी एक टक्क्यानं, सहा हप्त्यांत. फी वेळेत भरली. मग आम्ही मालकांकडं गेलो, आपल्या डोंगराची पाच चित्रं घेऊन. नम्रपणे सांगितलं, "दादा, बर्फाचं चित्र आम्हाला परवडत नाही. हे आमच्या पाण्याचं आहे. बघा, पटतं का." त्यांनी तीस घेतली नाहीत. चार घेतली, त्याही थोडी घासाघीस करून, पाचशेनं. बाकीची चित्रं विकायला आम्हाला काजव्यांचा हंगाम आणि पुढचा हिवाळा लागला. झटपट पैसा झाला असं आम्ही सांगणार नाही. पण जे विकलं त्यात प्रत्येकीला तिच्या तासांचे पैसे मिळाले.

चित्राच्या कोपऱ्यात काढणारीनं आपलं नाव लिहायचं, हा आमचा नियम आहे. मागच्या बाजूला गटाचं आणि गावाचं नाव, आणि चित्रात कोणता डोंगर आहे ते. सुरुवातीला बायका लाजायच्या. "नाव कशाला, चित्र दिसलं म्हणजे झालं." पण सातबाऱ्यावर नाव नाही, घराच्या पाटीवर नाव नाही, निदान आपण काढलेल्या चित्रावर तरी असू दे. आमच्यातल्या दोघी आधी अंगठा देत होत्या. चित्रावर घालायला म्हणून त्या सही शिकल्या. आता बँकेतही सही करतात.

घरचे काय म्हणाले, असं तुम्ही विचाराल. कामं टाकून पाणी बघत काय बसायचं, असं बऱ्याच घरांतून ऐकायला मिळालं. एका सासूबाईंचा तर ठाम विरोध होता. एक दिवस सुनेचं वाळत ठेवलेलं चित्र त्यांनी बघितलं. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डोंगरावर धारा लागल्यात, म्हणजे पाऊस आहे. धरण भरलेलं पाहिजे. मग काठाला हा तांबडा उघडा पट्टा कुठून आला? तो तर उन्हाळ्यात पाणी हटल्यावर दिसतो." आम्हा दहा जणींच्या आणि गुरुजींच्याही ते लक्षात आलं नव्हतं. तेव्हापासून कोणतंही चित्र विकायला काढण्याआधी त्या आजींना दाखवतो. पाण्याची पातळी, रानाचा रंग, आभाळ, महिना, सगळं त्या तपासतात. ब्रश त्यांनी हातात घेतला नाही, पण आमच्या गटाची सगळ्यात कडक नजर त्यांचीच आहे. प्रत्येक गावात अशी एखादी आजी असते. तिला विचारा.

आणि त्या तांबड्या पट्ट्याचं एक सांगतो. उन्हाळ्यातलं चित्र काढायचं तर तो पट्टा लपवू नका. पाणी खाली गेलेलं, काठ उघडा पडलेला, हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाया, हेही आपल्या पाण्याचंच चित्र आहे. आमच्यातल्या एकीनं ते काढलं. आम्हाला वाटलं, हे कोण घेणार? पण ते एका शिक्षिकाबाईंनी घेतलं, आणि घेताना विचारलं, "इतकं पाणी समोर असून तुम्हाला डोक्यावर आणावं लागतं का?" हो, आणावं लागतं. पाणी खाली, घरं वर. एरवी हे कुणी विचारत नाही.

वेळ संपत आली. तेव्हा या आठवड्यात एवढं करून बघा. गटातल्या तिघी-चौघींनी मिळून एखाद्या सकाळी आपल्या गावच्या पाण्यावर जा. रंग नकोत, वहीचं पान आणि पेन्सिल पुरे. आधी अर्धा तास नुसतं बघा. मग काठाची एक आडवी रेघ मारा, वर काय दिसतं ते काढा, खाली काय दिसतं ते काढा. वरचं आणि खालचं कुठं कुठं वेगळं आहे ते एकमेकींना सांगा. आणि पुढच्या बैठकीत ती पानं मध्ये ठेवून बघा, एकाच पाण्याची किती वेगळी चित्रं झाली ते.